ओकिनावा: समुद्राआधी शुरी आणि माबुनी

जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांचा बेत आखताना बहुतेक जण पहिला मुक्काम थेट समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये ठेवतात. माझा आग्रह आहे की आधी नाहा हे राजधानीचं शहर आणि मुख्य बेटाचा दक्षिण भाग पाहा, मग पाण्याकडे वळा. ही बेटं कोणाची होती हे ठाऊक असलं, तर पुढचं सगळं वेगळं दिसतं.

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेपासून तैवानच्या दारापर्यंत ही बेटांची रांग पसरली आहे. शेवटचं बेट योनागुनी तैवानपासून जेमतेम ११० किलोमीटरवर आहे. इथे रयुक्यूचं स्वतंत्र राज्य होतं. शो हाशी या राजाने १४२९ मध्ये तीन राज्यं एकत्र केली आणि चीन, जपान, कोरिया, आग्नेय आशिया यांच्यातल्या व्यापारावर ते भरभराटीला आलं. १६०९ मध्ये सात्सुमा या दक्षिण जपानमधल्या संस्थानाच्या सैन्याने ते जिंकलं आणि १८७९ मध्ये जपानने राजाला टोकियोला नेऊन राज्यच संपवलं.

नाहातला शुरीचा राजवाडा हे त्या राज्याचं केंद्र. त्याची लाल मुख्य इमारत पश्चिमेकडे, म्हणजे चीनच्या दिशेने तोंड करून असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये अमेरिकेशी इथे झालेल्या लढाईत जपानी सैन्याचं मुख्यालय याच टेकडीखालच्या भुयारात होतं, त्यामुळे वरचं सगळं भुईसपाट झालं. १९९२ मध्ये उभी केलेली इमारत ३१ ऑक्टोबर २०१९ च्या आगीत जळाली. पुन्हा बांधण्याचं काम लोकांना पाहता यावं अशी सोय केली होती आणि मी तिथे बराच वेळ रेंगाळले. विमानतळावरून मोनोरेलने शुरी स्टेशन, तिथून पंधरा मिनिटं चाल. मोनोरेलचा एक दिवसाचा पास तारखेवर नाही, २४ तासांवर चालतो, म्हणून दुपारी घेतला तरी वाया जात नाही.

बेटाच्या दक्षिण टोकाला माबुनी इथे त्या लढाईच्या स्मरणार्थ शांती उद्यान आहे, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवाच. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर मृतांची २ लाख ४० हजारांहून जास्त नावं कोरली आहेत: ओकिनावाचे नागरिक, जपानी सैनिक, अमेरिकन, कोरियन, तैवानी, सगळी एकाच जागी. शत्रूचीही नावं इतक्या बरोबरीने लिहिलेलं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही. २३ जूनला इथे स्मृतिदिन असतो. नाहाहून बसने यायचं तर इतोमानला बस बदलावी लागते आणि पुढच्या फेऱ्या कमी आहेत, तेव्हा परतीची वेळ आधीच टिपून ठेवा.

गाडी भाड्याने घेतली तर बरंच सोपं होतं. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून न्या. गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते; युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या काळात उजवीकडून चालत असे. बेटं १९७२ मध्ये जपानला परत मिळाली, पण वाहतूक डावीकडे वळली ती ३० जुलै १९७८ ला, एका रात्रीत. अमेरिकी तळांची लांबच लांब कुंपणं मात्र आजही रस्त्याच्या कडेने सोबत करतात.

गाडी असेल तर सेफा-उताकीला जा. दाट झाडीतलं हे देवस्थान रयुक्यू राज्याच्या प्रमुख पुजारीणीचं, आणि एके काळी पुरुषांना इथे प्रवेश नव्हता. मूर्ती नाही, देऊळ नाही, फक्त खडक, झाडं आणि समोर समुद्रात कुदाका बेट. चांद्र पंचांगाप्रमाणे वर्षातून काही दिवस ते बंद असतं, तारखा बघून जा.

शाकाहारींनी खाण्याची आधीच तयारी ठेवावी. गोया चंपुरू म्हणजे कारलं, टोफू आणि अंडं एकत्र परतलेलं. चव आपल्याला लगेच जमते, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. ओकिनावा सोबा या नूडल्सचा रस्साही हाडं आणि माशांचा. ‘मांस, मासे, त्यांचा रस्सा नको’ एवढं जपानीत लिहून जवळ ठेवा.

इशिगाकी बेट नाहापासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, तिथे विमानानेच जावं लागतं. तिथून ताकेतोमी हे लहानसं बेट बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर: लाल कौलं, प्रवाळी दगडांची कुंपणं, पांढऱ्या वाळूच्या वाटा. दिवसाचे पर्यटक शेवटच्या बोटीने परतले की गाव गावासारखं होतं, म्हणून रात्र तिथेच काढा.

मे-जूनमध्ये पावसाळा आणि जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस. वादळात बोटी आणि विमानं सर्रास रद्द होतात. त्या काळात जायचंच असेल, तर परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशी लहान बेटावर थांबू नका, नाहाला येऊन राहा.