हिसका शिकले, मग विसरले

ट्राउट माशाच्या मागे लागले त्या पहिल्या वर्षी मी नदीत नुसती दोरी भिजवली. फेक लांब जायची, मासा काही लागायचा नाही. त्याच पाण्यावर आयुष्य काढलेल्या एका काकांनी एका सकाळी माझ्या हातातली काठी काढून घेतली. "आज गळ टाकायचा नाही. पाणी बघ."

त्यांनी नदीतला एक दगड उचलून उलटा केला. खाली वाळूच्या खड्यांची इवली नळकांडी चिकटलेली, ती कॅडिस नावाच्या पाणकिड्याच्या अळ्यांची घरं. शेजारी शेपट्या हलवत पळणाऱ्या मेफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या अळ्या. "हे त्याचं जेवण. तुझ्या गळावरची खोटी माशी अशी दिसली पाहिजे." मग एका खडकाकडे बोट दाखवलं. जोराची धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं, तिथून फेसाची रेघ वाहते. ट्राउट तिथेच, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून थांबतो. अंगाला कष्ट नाहीत आणि धार घास आणून देते. म्हणून त्याच्या पाठीमागून, खालच्या अंगाने जायचं. माशी फेसाच्याच वेगाने वाहायला हवी. दोरीने जरा ओढली की तो तिच्याकडे बघतही नाही. आणि तोंडात घेतलेली खोटी माशी तो क्षणात थुंकतो, तेव्हा दोरी जराशी अडखळली तरी काठी उचलायची. तो झटका हातात बसायला मला दोन मोसम लागले.

पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काका काठी जोडतच नसत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी. दमलेला मासा सोडला तरी मरतो. हा नियम मी आजही मोडत नाही.

पुढे सॅमन माशाने मात्र तोच झटका सोडायला लावला. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढलेला सॅमन खाणंच टाकतो, त्यामुळे दगडाखालच्या अळ्यांचा इथे उपयोग नाही. मला शिकवणाऱ्या ताई पाऊस होऊन पूर ओसरू लागला की निघायच्या. माशी तिरकी खालच्या अंगाला टाकायची, प्रवाहात फिरू द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा टाकायची. दिवसभर हेच. तिसऱ्या दिवशी ओढ जाणवली, मी सवयीने हिसका दिला आणि माशी त्याच्या तोंडातून सुटून आली. मला रडू आलं.

"घाई केलीस," ताई म्हणाल्या. "तो वळेपर्यंत थांब. दोरी त्यालाच ताणू दे." त्यांनी मला बोटाखाली दोरीचा एक सैल वेढा धरायला लावला: तो पूर्ण सरकून जाईपर्यंत काठी उचलायची नाही.

पुढच्या खेपेला वेढा बोटावरून सावकाश घसरत गेला. मी श्वास धरून उभी. मग वजन आलं, आणि मी काठी उचलली.

गळाला अडकणारा उलटा काटा नव्हता, तो सहज निघाला. हात ओले करून मी माशाला पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले उघडत होते, मिटत होते. शेपटीची ताकद हळूहळू तळव्याला जाणवू लागली, तशी मी बोटं सैल केली.