दगड, पाखरं आणि कुडलची सकाळ

आमच्या घरात वीकेंड म्हणजे रविवार, तोही दुपारी बारापर्यंतचा. नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्याची शनिवारची सुट्टी कागदावरच असते. मी कॉलेजात मराठी शिकवते. आणि बारानंतर सोलापुरात घराबाहेर पडायला एकतर लग्नाचं आमंत्रण लागतं, नाहीतर डोक्यावर परिणाम.

त्याला पाखरांचं वेड, मला जुन्या दगडांचं. दगडांचं म्हणजे देवळं, वीरगळ आणि मुख्य म्हणजे शिलालेख. लग्नाला आठ वर्षं झाली, आणि आठही वर्षं आम्ही एकमेकांसोबत फिरायला जाऊन एकमेकांचा दिवस वाया घालवला. विजापूरला गोलघुमटात हा गाडीत झोपला होता. त्याच्यासोबत कंबर तलावावर गेले, तर माझा फोन वाजला आणि तो अर्धा तास दबा धरून बघत होता ते काहीतरी उडून गेलं. काय होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

मागच्या डिसेंबरात आम्ही शहाण्यासारखा तह केला. सकाळ त्याची, नान्नजला. दुपार माझी, हत्तरसंग कुडलला. नकाशावर बघा: नान्नज उत्तरेला बार्शी रोडवर वीसेक किलोमीटर, कुडल दक्षिणेला चाळीस, आणि आमचं जुळे सोलापूर मधे. कागदावर अगदी न्याय्य वाटणी.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर म्हणून जाहीर झालं होतं, त्यात गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके आले. पुढे ते १,२२२ वर आणलं. माळढोक मात्र त्याहून वेगानं कमी झाला. नवऱ्याला कॉलेजात असताना एकदा दिसला होता. उंच, भारदस्त, गवतातून पंचांसारखा चालत जाणारा. ती गोष्ट मी पाठ म्हणू शकते. आता तिथं जायचं ते माळढोक दिसेल म्हणून नाही, माळ दिसेल म्हणून. तरी त्या सकाळी काळवीट भरपूर होते. एका नराची शिंगं पिळदार, पाठ काळीकुळकुळीत, आणि भोवती माद्या चरत असताना हा एकटा उगाच मान ताठ करून उभा. गवतावरून अगदी खालून एक भोवत्या तरंगत गेला. हा शिकारी पक्षी हिवाळ्यात लांबून येतो आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतो, असं नवऱ्यानं कुजबुजत सांगितलं. मी सलवारीतून कुसळं काढत होते.

(नान्नज म्हटलं की बाकीच्यांना द्राक्षं आठवतात. सोनाका द्राक्ष याच गावचं. आमच्या घरात फक्त माळढोक आठवतो.)

‘अजून पाच मिनिटं’ असं म्हणत साडेदहा झाले. तिथून गावात, गर्दीतून विजापूर रोडला, आणि कुडलला पोचायला दीड वाजला. बाहेर पांढरंफटक ऊन, देवळात अंधार. ज्या तुळईवरच्या शिलालेखासाठी आले होते तिच्याकडे पाहिलं तर अक्षर म्हणून काही नाही, नुसता दगड. नवरा लिंबाखाली झोपला. परतीला विजापूर नाक्यापर्यंत कुणीच बोललं नाही.

रात्री भांडी घासताना त्यानं विचारलं, “दुपारी उजेड तर भरपूर होता की गं, मग दिसलं कसं नाही?”

मी सांगितलं की झिजलेल्या अक्षरावर समोरून उजेड पडला की ते सपाट होतं. उजेड बाजूनं, तिरपा यायला हवा, म्हणजे खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. म्हणून सकाळ चांगली, नाहीतर संध्याकाळ.

“म्हणजे तुलाही सातचंच ऊन लागतं?”

“हो.”

“मग आधी सांगायचं नाही का?”

आठ वर्षं आम्ही कुठं जायचं यावरून भांडत होतो, आणि भांडण होतं सकाळच्या त्याच दोन तासांवरून. पाखरं नऊनंतर सावलीला जातात, अक्षरं नऊनंतर दगडात जातात. अर्धा-अर्धा दिवस वाटून घेतला की एकाच्या वाट्याला कायम दुपार येणार. वाटणी करायचीच नव्हती. एकाच सकाळी दोघांचं भागेल अशी जागा हवी होती, आणि ती आम्ही भर दुपारी बघून आलो होतो. कुडलला भीमा आणि सीना मिळतात. जिथं दोन नद्या तिथं पाणी, जिथं पाणी तिथं याची मंडळी.

सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे सोलापूरची जत्रा, उलगला, पाहुणे गेले, आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सहाला निघालो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. वडकबाळच्या पुलावर सीनेवर धुकं होतं. त्यानं गाडी हळू केली, मी काही बोलले नाही. हाही नव्या तहाचाच भाग. पुढं दोन्ही बाजूंना ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडीचा हा शेजार, कणसं भरत आलेली, एका बांधावर हुरड्यासाठी आगटी पेटवायची तयारी चाललेली. महामार्ग सोडून आत वळलो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता.

इकडं भाषा हळूच बदलते. पारावर बसलेल्या आजोबांना वाट विचारली, तर “सीदा हो, सीदा” म्हणाले आणि मागून कुणालातरी “बर्री, बर्री” अशी हाक मारली. नदीपलीकडं कर्नाटक. अलीकडची माणसं मराठीत पैसे मोजतात आणि कानडीत भांडतात.

संगमेश्वराचं देऊळ अगदी काठावर आहे. नवरा गाडीतून उतरला तो सरळ घाटाकडं. मी म्हटलं जाऊ दे, आपण देवळात. पण जाववेना. पाणी जवळजवळ स्थिर होतं, आणि त्यावरून राखाडी पाठीचा, पिवळ्याधमक चोचीचा एक पक्षी डोकं खाली घालून पहारा देत चालला होता. मधेच थांबला, दगडासारखा खाली पडला, चोचीत चमकतं काहीतरी घेऊन वर आला.

“नदी सुरय,” तो म्हणाला. “वाळूच्या बेटावर अंडी घालतो. वाळू गेली की याचं घर गेलं.”

मग त्यानं एकेक दाखवायला सुरुवात केली. एका जागी पंख फडफडवत हवेत उभा राहणारा कवड्या खंड्या. लाल काड्यांवर उभे असल्यासारखे शेकाटे. पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा. त्याच्या पिसांना पाणी लागतं म्हणून असा बसतो म्हणे. मला तो पावसाळ्यात दोरीवर टाकलेल्या शर्टासारखा दिसला. टिटव्या तर न बोलावता येऊन ओरडून गेल्या. थोड्या वरच्या अंगाला, टाकळीला, आमच्या शहराचं पाणी याच नदीतून उचलतात. ते नळाला किती दिवसांनी येतं हे सोलापूरकराला विचारू नये.

अर्धा तास मी त्याच्या दुर्बिणीतून बघत होते. मग त्यानंच घड्याळ बघितलं. “चल, तुझं ऊन जाईल.”

आता शिलालेख. सभामंडपातल्या तुळईवर तो कोरलाय. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. हा उजेडात आणला तो सोलापूरचेच शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभारांनी. तोवर पाठ्यपुस्तकात आपण श्रवणबेळगोळच्या ‘श्री चावुंडराजें करवियलें’लाच मराठीतलं पहिलं वाक्य म्हणत आलो. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ चा वाचला जातो, तोही या शर्यतीत आहे. पहिला कोण हा वाद अभ्यासकांनी घालावा. मी वर्गात तिन्ही सांगते आणि पोरांनी विचारलं की कुडलकडं झुकते, कारण तो आमचा.

बाहेरचा उजेड मंडपात तिरपा आला होता, पण तुळईपर्यंत पुरत नव्हता. तुळई वर, मी खाली. नवऱ्यानं दुर्बीण दिली. डोळ्याला लावली तर सगळं धुरकट; इतक्या जवळचं तिला दिसत नाही. “मागं सर, अजून मागं,” असं करत मी पार दुसऱ्या टोकाच्या खांबाला टेकले, तेव्हा दगडाचा पोत स्वच्छ झाला. मग त्यानं पहाटे वापरायची विजेरी काढली आणि माझ्या सांगण्यावरून बाजूला, हात लांब करून, तुळईला घासून उजेड टाकला.

अक्षरं वर आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. सपाट दगडातून, पाण्यातून डोकं काढल्यासारखी, एकेक करून वर आली. ‘वाछि तो विजेया होऐवा’. जो वाचेल तो विजयी होईल, असा अर्थ लावतात. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवला आहे, आणि वाचणारी मी, खांबाला पाठ लावून, दुर्बिणीतून.

“काय लिहिलंय?” त्यानं हात दुखत असतानाही विचारलं.

मी सांगितलं.

“मग मोठ्यानं वाच. मला पण हवाय विजय. मार्चएंड येतोय.”

संगमेश्वराशेजारी हरिहरेश्वराचं देऊळ. ते अनेक वर्षं मातीच्या ढिगाखाली होतं, उत्खनन करून मोकळं केलं. तिथं निघालेलं बहुमुखी शिवलिंग बघायला लोक मुद्दाम येतात. एका लिंगावर रांगांनी ३५९ मुखं कोरलेली, आणि ते स्वतः धरून ३६०. माझं काम दोन मिनिटांत झालं असतं, पण नवरा खाली बसला आणि मोजायला लागला. पाखरांचा थवा मोजायची त्याची एक पद्धत आहे: दहाचा एक गठ्ठा डोळ्यात धरायचा आणि तोच गठ्ठा पुढं पुढं ठेवत जायचा. दोनशेच्या पुढं गेला आणि प्रदक्षिणेला आलेल्या बाईंनी “काय हरवलं का ओ?” म्हणून विचारलं. मोजणी संपली. थवा उडाला, असं म्हणत तो उठला.

नऊ वाजता घाटावर बसून खाल्लं. कडक भाकरी दह्यात बुडवून मऊ करायची की कुरकुरीत मोडून चटणीशी खायची, यावर आमचं अजून एकमत नाही, त्यामुळे तिथं शांतता राखली. जाणाऱ्यांसाठी एवढंच: पाणी आणि खाणं घरून न्या, सकाळी खायला मिळेल या भरवशावर राहू नका. विजेरी न्याच, शक्यतो दोन. आणि तुळईवर खडू-पावडर फासून अक्षरं ‘उठवायचा’ उद्योग करू नका, बाजूनं उजेड टाकला की पुरतं.

दहाला परत निघालो. ऊन तापायला लागलं होतं. मगाच्या बांधावर हुरडा भाजून झाला होता. गाडी थांबवल्यावर मालकांनी मूठभर गरम दाणे हातावर ठेवले, पैसे घेईनात. नवरा गाडी चालवता चालवता एका हातानं खात होता.

“ते माचणूर,” तो अचानक म्हणाला, “औरंगजेबाची छावणी होती म्हणतेस ते. तिथं तुला काय बघायचंय?”

“किल्ला. आणि सिद्धेश्वराचं देऊळ.”

“ते पण भीमेवरच ना?”

“अगदी काठावर.”

“पूर्वेला तोंड करून बसता येईल?”

मी म्हटलं, बघावं लागेल, पण पाचला उठावं लागेल.

“साडेचार,” तो म्हणाला.