मिरजेतील फॅमिली रूम

विजापूरचा गोलघुमट पाहिला, पंढरपुरात मुखदर्शन घेतले आणि दुपारी गाडीने मिरजेला उतरलो, एवढ्यात या प्रवासाचे सुरुवातीचे दिवस सांगून होतात. मला लिहायचे आहे ते मिरजेतील एका जेवणाविषयी.

मिरज हे फार पूर्वीपासून दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि पुढे कोकणापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण नातेवाइकांसह येथे येऊ लागले. आम्हीही कवठेमहांकाळहून तेव्हाच्या नॅरोगेज गाडीने आजीचे डोळे दाखवायला येत असू. तपासणी आटोपली, की स्टेशनकडे परतताना एका हॉटेलात जेवण ठरलेले असे. आमच्यासाठी हॉटेलात जाण्याला आजारपणाचे निमित्त लागत असे, हे आज सांगताना विचित्र वाटते.

त्या हॉटेलात प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेल्या खोल्या होत्या, दाराला हिरवा पडदा आणि वर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी. वेटर आत येण्यापूर्वी खाकरत असे. बाकीचे सगळे राईस प्लेट मागवत. आई मात्र न चुकता कांदा उत्तप्पा सांगत असे, कारण भात घरी रोजच होता. घरी ती चुलीपुढे बसून आम्हाला गरम भाकरी वाढत असे आणि तिच्या ताटात मात्र शेवटची, निवलेली भाकरी येत असे. दुसऱ्या कोणीतरी केलेला, तव्यावरून थेट आपल्यापुढे आलेला पदार्थ तिला त्या आडोशामागेच मिळत होता. हे माझ्या लक्षात यायला मला स्वतःचे घर चालवावे लागले.

या वेळी आईलाही बरोबर नेले होते. आता त्या जागी एकच मोठा वातानुकूलित हॉल आहे, भिंतीवर टीव्ही आहे आणि ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ असा दम देणारा फलक आहे. मी पडद्यांची आठवण काढून हळहळू लागलो, तेव्हा आई म्हणाली, “त्या खोपटात गुदमरायला व्हायचं रे. पंखासुद्धा तुझ्या बाबांच्याच बाजूला असायचा. इथं निदान माणसं तरी दिसतात.” यावर मला उत्तर सुचले नाही. बायकांना पडद्याआड बसवण्याच्या त्या रिवाजाला मी इतकी वर्षे कौटुंबिक जिव्हाळा समजत आलो होतो.

तरीही माझी एक तक्रार कायम आहे. जेवण संपण्यापूर्वीच बिल पुढ्यात आले आणि पुढचे कुटुंब आमच्या खुर्च्यांना खेटून, आमच्या ताटांत डोकावत उभे राहिले. रविवारची गर्दी मला समजते. परंतु जेवणाऱ्याच्या मानेवर श्वास सोडत उभे राहण्याचा हा नवा शिष्टाचार मला अजिबात मान्य नाही. मी घाईने पाकीट काढू लागलो. आईने मात्र वेटरला बोलावून आणखी एक कॉफी सांगितली आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवून घेतले. त्या सांगोल्याहून सासऱ्यांचे ऑपरेशन करून घ्यायला आल्या होत्या. दोघींचे बोलणे इतके लांबले, की तंबोरे घडवणारी सतारमेकर गल्ली पाहायची राहिली आणि कोल्हापूरची गाडीही चुकली.