सोनघंटा : घाटउतारावरचे अपरिचित झुडूप

सह्याद्रीतील रानफुलांचा विषय निघाला की आपली गाडी पावसाळ्यावर आणि सड्यांवर येऊन थांबते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कासच्या पठारावर होणारी गर्दी आपण पाहतोच. दसरा उलटला की बहुतेकांचे कॅमेरे कपाटात जातात. सोनघंटा मात्र त्यानंतर, थंडीच्या दिवसांत, डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडल्यावर फुलते. केवळ महाराष्ट्रात, तेही पुणे, रायगड, सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील घाटमाथ्यावर आणि त्याखालच्या उतारांवर तुरळक ठिकाणीच आढळणारे हे झुडूप अनेक जुन्या दुर्गभटक्यांनाही ठाऊक नसते, याचे एक कारण त्याचा हा हंगाम आहे, असे मला वाटते.

वनस्पतिशास्त्रात तिचे नाव अबुटिलॉन रानडेई. घंटी मुद्रा असेही तिला म्हणतात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे जॉर्ज मार्शल वुड्रो आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो स्टाप्फ यांनी 1894 मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. नमुना आंबा घाटातला होता आणि तो गोळा केला होता रानडे यांनी, जे त्याच महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहाचे काम पाहत असत. त्या काळी या प्रदेशातील वनस्पतींना बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे मिळत आणि रान तुडवून नमुने आणणारा एतद्देशीय सहायक क्वचितच कुणाच्या लक्षात राही. म्हणूनच या नावाचे मला विशेष अप्रूप वाटते.

हे झुडूप जास्वंदीच्या कुळातले. साधारण 2 ते 3 मीटर उंच वाढते. कोवळ्या फांद्यांवर आणि पानांवर ताराकृती लव असल्यामुळे ती हाताला मखमली लागतात. पाने तळाशी हृदयाकृती असून टोकाकडे लांब निमुळती होत जातात. खरी ओळख पटते ती फुलावरून. पानाच्या बेचक्यातून निघालेल्या लांब, बारीक देठाला एकेकटे फूल खाली तोंड करून लोंबते. पाकळ्या पिवळ्या ते नारिंगी रंगाच्या असतात, त्यांवर तांबूस शिरांचे जाळे असते आणि पुंकेसरांची नळी देवघरातील घंटेच्या लोलकासारखी मधोमध लोंबत असते. जास्वंदीच्या फुलाला निदलपुंजाखाली, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या आवरणाखाली, छोट्या हिरव्या छदांचे (पानांसारख्या भागांचे) आणखी एक कडे असते, ते येथे नसते. गावोगावी रस्त्याकडेला उगवणारी पेटारी किंवा मुद्रा हीसुद्धा अबुटिलॉन याच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली. मात्र तिची लहान पिवळी फुले सायंकाळच्या सुमारास उमलतात आणि सोनघंटेसारखी लोंबत नाहीत, त्यामुळे दोघींची गल्लत होण्याचे कारण नाही.

गल्लत होते ती बागेतल्या परदेशी पाहुणीशी. दक्षिण अमेरिकेतून आलेली एक अबुटिलॉन शोभेसाठी लावली जाते. तिचीही फुले नारिंगी, लाल शिरांची आणि लोंबती. छायाचित्रावरून ओळख विचारणाऱ्यांनी म्हणूनच झाड बागेतले की रानातले, हे आधी सांगावे. मैलोगणती दुरून आलेले झुडूप आपण हौसेने कुंडीत लावतो आणि त्याची सख्खी बहीण शोभावी अशी आपली सोनघंटा कुणी मागतही नाही, हे मला खटकते.

तिचे घर म्हणजे दमट जंगलाच्या कडेचे तीव्र उतार आणि कड्यांलगतच्या जागा. तोरण्याच्या परिसरातही तिची नोंद आहे. अशा ठिकाणी गुरे आणि कुऱ्हाड सहसा पोहोचत नाहीत, हे तिच्या पथ्यावर पडते. पण तेच उतार घाटरस्त्यांच्या रुंदीकरणात कापले जातात आणि पावसाळ्यात दरडींबरोबर खाली येतात. त्याहून मोठी भीती मला वणव्याची वाटते. गवत चांगले यावे म्हणून किंवा निव्वळ निष्काळजीपणाने डोंगर पेटवले जातात ते नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे सोनघंटेची शेवटची फुले आणि पिकणारी फळे झुडपावर असताना. मोठे झुडूप आगीतून तगून कदाचित पुन्हा फुटेलही. पण बी जळाले की त्या वर्षीची नवी पिढी संपते, आणि मुळात मोजकीच झुडपे असलेल्या जागी हे दोन-चार वर्षे लागोपाठ घडले तर ती जागा रिकामी होण्यास वेळ लागत नाही.

संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश आहे आणि रोपे तयार करून ती वनस्पती उद्यानांत वाढवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ते आवश्यकच आहेत. मात्र ही रोपे पुन्हा उतारावर लावायची असतील, तर त्या उतारावर आधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढल्या पाहिजेत आणि त्या दरवर्षी, गवत वाळण्यापूर्वी, साफ केल्या पाहिजेत. हे काम वनखात्याबरोबर पायथ्याच्या गावांनी अंगावर घेतल्याशिवाय होणारे नाही.