तुम्ही विचारलंत म्हणून: खलनायक सुधारला, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

सुपरहिरो कॉमिक्सवर मी कुठेही बोलले किंवा लिहिलं, की हा प्रश्न येतोच. कधी रागाने येतो: "शेकडो माणसांच्या जिवावर उठलेला माणूस दोन आसवं गाळतो, पोशाखाचा रंग बदलतो आणि तुम्ही त्याला हिरो म्हणता?" कधी अगदी उलट बाजूने येतो: "बिचारा एवढा बदललाय, तरी लोक त्याच्यावर संशय का घेतात?" विचारणाऱ्यांचं एकमेकांशी पटणार नाही, पण दोघांनीही एक गोष्ट धरून चाललेली असते. सुधारलं की विश्वास मिळायलाच हवा. आणि विश्वास द्यायचा नसेल, तर ते सुधारणंच खोटं ठरवायला हवं.

मला हे मुळातच मान्य नाही. सुधारणं हे त्या खलनायकाचं काम आहे. विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्यांचं त्याने नुकसान केलं त्यांनी ठरवायचं. त्याने कितीही मनापासून केलं, तरी समोरच्याला 'नाही' म्हणायची मुभा राहते. ती मुभा ज्या कथेत शिल्लक असते, त्या कथेवर माझा जीव जडतो.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय या कथा इतक्या वेगवेगळ्या का आहेत ते कळत नाही. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, कॉमिक्स कोड. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल अशा तऱ्हेने गुन्हा दाखवायचा नाही आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असे त्यातले नियम होते. अशा चौकटीत पश्चात्ताप करणाऱ्या खलनायकाला जागा कुठून असणार? तरी १९६५ मध्ये मार्व्हल या प्रकाशकाने अव्हेंजर्स या मालिकेच्या सोळाव्या अंकात जुने बडे हिरो रजेवर पाठवले आणि कॅप्टन अमेरिकाच्या हाताखाली तीन नवे सदस्य दिले: हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच. तिघेही वर्षभरापूर्वी खलनायकांच्या बाजूने लढत होते.

हे खपलं, कारण तिघांची पाटी तशी बरीच स्वच्छ होती. हॉकआय ब्लॅक विडो या हेर बाईच्या नादी लागून आयर्न मॅनवर उलटला होता. स्कार्लेट विच आणि क्विकसिल्व्हर, म्हणजे वांडा आणि पिएत्रो या भावंडांना जमावाच्या तावडीतून मॅग्नीटो या खलनायकाने सोडवलं होतं आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली ती त्याच्यासोबत राहिली होती. म्हणजे खलनायक म्हणून त्यांची ओळख होती, पण त्यांच्यामुळे आयुष्य उद्ध्वस्त झालेला माणूस वाचकाने पाहिलेला नव्हता. माफ करायला समोर कुणी नसलं की माफी फार सोपी होते.

खरी परीक्षा सुरू झाली ती असा माणूस समोर आणून उभा केल्यावर. यासाठी मी नेहमी रोग (Rogue) या पात्राचं उदाहरण देते, आणि त्यावर जरा जास्त वेळ घालवते.

रोग १९८१ मध्ये खलनायिका म्हणून आली. तिच्या त्वचेचा स्पर्श झाला की समोरच्याची शक्ती आणि आठवणी तिच्यात उतरतात. कॅरल डॅनव्हर्स, तेव्हाची मिस मार्व्हल, हिच्यावर तिने हल्ला केला आणि तिची शक्ती व आठवणी कायमच्या ओढून घेतल्या. एक्स-मेन या सुपरहिरो संघाचा गुरू प्रोफेसर एक्स याने कॅरलच्या मनात आठवणी परत आणून ठेवल्या, पण त्यांच्याशी जोडलेल्या भावना परत आल्या नाहीत. कॅरलला आपले आई-वडील कोण हे माहीत आहे. त्यांच्याकडे पाहून आत काही हलत नाही. सुपरहिरो कॉमिक्समध्ये शहरं पडतात, ग्रह फुटतात, पण इतकी निर्दय हानी मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, रोग एक्स-मेनच्या दारात येऊन उभी राहते. तिची शक्ती तिच्याच ताब्यात नाही, डोक्यात कॅरलचं मन घोंघावतंय, आणि मदत मागायला दुसरी जागा नाही. प्रोफेसर तिला आत घेतो. आता अडचण अशी की कॅरल त्या काळात एक्स-मेनच्या सोबतीनेच राहत असते. ती रोगला बघते आणि एका ठोशात आकाशात भिरकावून देते. बाकीचे एक्स-मेनही प्रोफेसरवर चिडतात, आपण निघून जाऊ असं सांगतात. तरी प्रोफेसर बधत नाही. शेवटी रोग राहते आणि कॅरल निघून जाते.

मला प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबावं, असं मला वाटतं. प्रोफेसर चुकला असं मी म्हणणार नाही. मदत मागायला आलेल्या मुलीला परत पाठवलं असतं, तर ती पुन्हा खलनायकांच्याच टोळीत गेली असती. पण या दयेची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून दिली नाही. ती कॅरलने दिली. जिच्यावर अन्याय झाला, तिलाच घर सोडावं लागलं. आणि कथेने हे लपवलं नाही, कॅरलला हट्टी किंवा कोत्या मनाची दाखवलं नाही, म्हणूनच रोगचा पुढचा प्रवास मला वाचावासा वाटतो. लगेच पुढच्या दोन अंकांत, जपानमध्ये, एक्स-मेनपैकीच एक असलेल्या वुल्व्हरिनच्या प्रेयसीला वाचवताना रोग मरणाच्या दारात जाते आणि वुल्व्हरिन आपली जखमा भरून काढायची शक्ती तिला घेऊ देतो. आदल्या अंकापर्यंत तिच्यावर गुरगुरणारा माणूस तिला स्पर्श करू देतो. वुल्व्हरिनचा विश्वास तिने कमावला. पण त्यातून कॅरलचं काही फिटलं नाही, आणि वुल्व्हरिनने कॅरलच्या वतीने काही माफही केलं नाही. दोन्ही हिशेब आपापल्या जागी उघडे राहिले.

आता थंडरबोल्ट्स ही मालिका. जनतेचा विश्वास या विषयावर कॉमिक्सने केलेलं सर्वांत धाडसी काम मला हेच वाटतं. १९९७ मध्ये, अव्हेंजर्स आणि फॅन्टॅस्टिक फोर मेले असं जग समजत असताना, एक नवा संघ पुढे येतो. लोकांना धीर देतो, ढिगाऱ्यातून माणसं काढतो, टाळ्या मिळवतो. पहिल्या अंकाच्या शेवटी कळतं की हे सगळे वेषांतर केलेले जुने खलनायक आहेत. त्यांचा म्होरक्या बॅरन झीमो याला लोकांचा विश्वास हवा आहे तो त्या विश्वासाच्या जोरावर बंद दारं उघडून जग ताब्यात घेण्यासाठी.

पण त्यातल्या काही जणांना ते काम आवडू लागतं. पूर्वी स्क्रीमिंग मिमी म्हणून गुन्हे करणारी मेलिसा आता सॉन्गबर्ड आहे, लोक तिच्याकडे बघून हसतात, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. जोल्ट नावाची अनाथ मुलगी यांना खरे हिरो समजून संघात येते. तिच्या नजरेत आपण जे आहोत तेच आपण असावं, अशी ओढ त्यांना लागते. मुळात खोट्यावर मिळालेला विश्वास माणसाला खरं वागायला भाग पाडू शकतो, हे इथे फार बारकाईने दाखवलं आहे.

मग झीमो स्वतःच त्यांचं बिंग फोडतो. संघातले लोक हातातून निसटताहेत हे त्याला दिसतं, आणि परतीची वाट बंद केली की ते आपल्याकडेच राहतील असा त्याचा हिशेब असतो. त्यांच्यातले काही त्याच्यावर उलटतात, जग वाचवायला मदत करतात, आणि तरीही फरारीच राहतात. अनेक वाचकांना हे अन्यायाचं वाटतं. मला वाटत नाही. ज्या लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांना एकदा फसवलं गेलं आहे. दुसऱ्यांदा विश्वास ठेवायच्या आधी त्यांनी पुरावा मागितला, तर त्यात कसला कोतेपणा?

सुईसाइड स्क्वॉडबद्दलही विचारतात, म्हणून थोडक्यात. १९८७ पासूनच्या त्या कथांत अमांडा वॉलर ही सरकारी अधिकारी कैद्यांना जीवघेण्या मोहिमांवर पाठवते, बदल्यात शिक्षा कमी होते, आणि पळून जाऊ नये म्हणून मनगटावर स्फोटक कडं असतं. कथा म्हणून ती मला आवडते, पण तो सौदा आहे. मनगटावर बॉम्ब असताना माणूस नीट वागला, यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही.

त्याच्या उलट मॅग्नीटो. १९८१ मधल्या एका कथेत तो जगाला अण्वस्त्रं सोडायला भाग पाडायला निघतो, एक पाणबुडी माणसांसकट बुडवतो, आणि मग रागाच्या भरात किटी प्राइड या कोवळ्या मुलीला जवळजवळ ठार मारतो. नाझींच्या छळछावणीतून वाचलेला हा माणूस आपल्या हातून काय होत होतं हे पाहून जागीच गोठतो. चार वर्षांनी त्याला अटक करायला जे पथक येतं, त्यात त्याच्यासारखेच जुने खलनायक आहेत. सरकारची चाकरी पत्करून त्यांनी गुन्ह्यांची माफी मिळवली आहे. मॅग्नीटो त्या सगळ्यांना पुरून उरला असता. तो स्वतःहून ताब्यात जातो आणि पॅरिसला खटल्याला उभा राहतो. खटला हल्ल्यामुळे अर्धवट राहतो आणि मॅग्नीटो प्रोफेसरच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. तो निकाल लागायला हवा होता, असं मला आजही वाटतं. न्यायालयाने काय म्हटलं असतं हे ऐकायचा हक्क त्या पाणबुडीतल्या माणसांच्या घरच्यांना होता.

कॉमिक्सबाहेर पाहायचं, तर दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि समेट आयोगाकडे पाहावं. वर्णभेदी राजवटीच्या काळातल्या राजकीय गुन्ह्यांसाठी तिथे माफीचा अर्ज करता येत असे. अट होती संपूर्ण सत्य सांगण्याची. पश्चात्ताप दाखवण्याची सक्ती नव्हती. ७,११२ जणांनी अर्ज केले, ८४९ जणांना माफी मिळाली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पश्चात्तापाची अट नाही हे मला खटकलं होतं. आता त्यातलं शहाणपण दिसतं. डोळ्यांतलं पाणी कुणी मोजायचं? पण माणूस कुठे नेला, कुणी मारला, कुठे पुरला, हे तपासता येतं, आणि घरच्यांना तेच हवं असतं. सुधारलेल्या खलनायकांच्या कथांत आसवं भरपूर असतात. खलनायक बसून आपलं केलं-सवरलं सगळं सांगतो, असा प्रसंग मी शोधत असते, आणि तो फार क्वचित सापडतो.

आणि लोकांनी शेवटपर्यंत स्वीकारलंच नाही तर? त्याचं उत्तर अंगुलिमालाच्या कथेत फार पूर्वी येऊन गेलं आहे. तो भिक्खू झाला, राजा प्रसेनजितानेही त्याच्यावर हात टाकला नाही. पण भिक्षेला गेला की लोकांचे दगड आणि काठ्या बसत. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो बुद्धाकडे परत येतो. बुद्ध त्याला सहन कर म्हणतात, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे म्हणतात. गावात जाऊन लोकांना मात्र समजावत नाहीत. 'हा आता बदललाय, याला मारू नका' असं कुणी त्या गावाला सांगत नाही. दगड मारणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या घरांतली माणसं त्याने मारली, त्या घरांनी काय वाटून घ्यायचं हे इतर कुणी ठरवलं नाही.

कधी कधी चिडून विचारतात, की हे सगळे पुन्हा वाईटच होतात, मग वाचायचं कशाला? हे बऱ्याच अंशी खरं आहे. सँडमॅन स्पायडरमॅनचा शत्रू होता, मग सुधारला, अव्हेंजर्सचा राखीव सदस्य झाला, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी एका यंत्राने त्याचं मन फिरवून त्याला पुन्हा खलनायक केलं. दर महिन्याला अंक काढायचा तर ओळखीचे खलनायक लागतात, हे त्यामागचं खरं कारण. मला याचा राग येतो. सँडमॅनने स्वतःच्या पायाने परत जायचं ठरवलं असतं तर ती शोकांतिका झाली असती. यंत्राने केलं म्हटल्यावर आधीची सगळी मेहनतही यंत्रानेच केल्यासारखी वाटायला लागते.

म्हणून कुणी एकच प्रसंग वाचायला सांगा म्हणालं, की मी थंडरबोल्ट्समधला पुढचा भाग सांगते. फरारी झालेल्या त्या संघाकडे हॉकआय येतो, तोच १९६५ चा माजी खलनायक, आणि नेतृत्व करायची तयारी दाखवतो. त्याची अट असते. संघातल्या ॲबनर जेनकिन्सवर, तो बीटल नावाचा खलनायक म्हणून वावरत असतानाच्या काळातला खुनाचा आरोप आहे. त्याने जाऊन ती शिक्षा भोगायची. जेनकिन्सने तोवर जग वाचवायला हातभार लावलेला आहे, सॉन्गबर्डशी त्याचं जुळलेलं आहे, आणि नकार द्यायला त्याच्याकडे कारणं भरपूर आहेत. तो तुरुंगात जातो. त्याच्या जाण्याने लोकांचं मत रातोरात बदलत नाही, संघावरचा संशय तसाच राहतो. पण ज्या माणसाचा जीव गेला होता, त्याच्या नावाने कुणीतरी प्रत्यक्ष शिक्षा भोगायला लागलं. जेनकिन्सवर विश्वास ठेवायचा का, असं मला विचाराल तर मी हो म्हणेन. त्या माणसाच्या घरच्यांनी नाही म्हटलं, तर मी त्यांना समजवायला जाणार नाही.