साडेअठरा

"मॅडम, पप्पा म्हणतात पैसे जास्त आलेत."

शनिवारची सकाळची शाळा, नववीचा कॉम्प्युटरचा तास. ही मुलगी पंचवटीत मामाकडे राहून शिकते. आई-वडील चांदवड तालुक्यात, घरचा कांदा. आदल्या शनिवारी मी वर्गाला सांगितलं होतं, घरात ज्याच्यावरून हिशोब होतो असा एखादा खरा कागद आणा. तिने वडिलांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कांदा विक्रीच्या हिशोबपट्टीचा फोटो मागवला. खालचा भाग फोटोत कापला गेला होता, पण वजन आणि भाव स्वच्छ दिसत होते. १८ क्विंटल ५ किलो, भाव १,४५० रुपये क्विंटल. तिने पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळी लिहिल्या: वजन विचार, भाव विचार, गुणाकार कर, दाखव. वजन टाकलं १८.५. उत्तर आलं २६,८२५. कुठेही चूक दाखवणारी लाल ओळ नाही. मी वहीवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या जोडीकडे वळले.

रात्री तिने फोनवर तो आकडा वडिलांना सांगितला. त्यांच्या पट्टीवर हमाली-तोलाई कापायच्या आधीची रक्कम होती २६,१७२ रुपये ५० पैसे. ६५२ रुपये ५० पैशांचा फरक. त्यांनी विचारलं, वजन काय धरलंस? ती म्हणाली, अठरा पॉइंट पाच. त्यावर ते म्हणाले, "आगं, साडेअठरा कुठं होता माल? अठरा क्विंटल आन् वर पाच किलो."

त्या 'साडेअठरा'ने मला आठवडाभर सोडलं नाही. 'अठरा पॉइंट पाच' असं म्हणेपर्यंत तिलाही काही खटकलं नाही, मलाही नाही. तोच आकडा घरच्या बोलीत आला आणि लगेच कळलं की अर्धा क्विंटल धरला गेलाय. ५ किलो म्हणजे क्विंटलचा विसावा भाग. लिहायला हवं होतं १८.०५. तेव्हापासून मी मुलांना स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा सव्वा, दीड, अडीच, साडे असा तोंडाने म्हणायला लावते. ज्याला असं नाव नाही, तो 'इतके रुपये, इतके पैसे' किंवा 'इतके किलो, इतके ग्रॅम' असा म्हणायचा.

मी मूळची गणिताची शिक्षिका. प्रोग्रॅमिंग शिकवायला लागून तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी नेहमीचीच उदाहरणं घेतली: वर्तुळाचं क्षेत्रफळ, सरळव्याज, मूळ संख्या. मुलं फळ्यावरून उतरवायची, चालवायची, काहीतरी आकडा यायचा आणि ती हात वर करायची, "झालं मॅडम." तो आकडा बरोबर की चूक, हे त्यांनी मलाच विचारायचं. कंस राहिला, शब्द चुकला तर पायथॉन स्वतः सांगतं, ओळीचा नंबरसुद्धा देतं. विचारून घेतलेलं वजन आणि भाव, दोन्ही अंकात बदलायचं राहिलं तर गुणताना तेही अडतं. पण १८.५ ला ते कधीच अडणार नाही. त्याच्या लेखी त्यात काही चूकच नाही. ही चूक फक्त त्यालाच दिसते ज्याला बाहेरून माहीत आहे की उत्तर साधारण किती यायला हवं. नववीच्या मुलाला मूळ संख्यांबद्दल ते माहीत नसतं. पण कांद्याच्या पट्टीबद्दल, दुधाच्या रतीबाबद्दल, वडिलांच्या रिक्षाच्या दिवसभराच्या धंद्याबद्दल पक्कं माहीत असतं. म्हणून आता माझ्या वर्गात पुस्तकातलं उदाहरण नंतर, घरचा कागद आधी.

एक अडचण मात्र मीच वर्षानुवर्षं तयार करत आले होते. गणिताच्या तासाला मी शिकवते, बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू, दोन्ही पारडी सारखी. आणि कॉम्प्युटरच्या तासाला फळ्यावर लिहिते:

एकूण = एकूण + १

एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, हे खोटं आहे. दोन्हीकडचं एकूण उडवलं की शून्य बरोबर एक उरतं." त्याचं म्हणणं गणिताने शंभर टक्के खरं होतं, आणि ते मी वर्गाला तसंच सांगितलं. मग म्हटलं, इथे हे चिन्ह 'बरोबर' असं वाचायचंच नाही. आधी उजवीकडचं काम कर, मग जे आलं ते डावीकडच्या नावाखाली ठेव. आम्ही आता ती ओळ मोठ्याने अशी वाचतो: "एकूणमध्ये एक मिळव आणि परत एकूणमध्येच ठेव." नावं मराठीत लिहिता येतात याचा इथे फार उपयोग होतो. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून देवनागरी नावं चालतात. प्रोग्रॅमच्या ओळीत आकडे मात्र इंग्रजीच लागतात. पण प्रोग्रॅम चालू असताना त्याने भाव विचारला आणि कुणी मराठी कीबोर्डने ४० टाकलं, तर ते अंकात बदलताना पायथॉन देवनागरी आकडे ओळखतं. हे एका मुलाने चुकून शोधलं. मला ते आधी माहीत नव्हतं.

याच वर्गातल्या एकाचे वडील अंबड एमआयडीसीत सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर आहेत. पालकसभेला आले तेव्हा मुलाची वही चाळून म्हणाले, "मॅडम, आमच्या मशीनला पण असाच ओळीओळीने प्रोग्रॅम असतो." मी त्यांना म्हटलं, एकदा वर्गात येऊन सांगाल का? रात्रपाळी करून, घरी न जाता, डबा हातात घेऊनच ते थेट शाळेत आले. खिशातून एक लोखंडी बुश काढून टेबलावर ठेवला. एका बाजूने आरशासारखा, दुसऱ्या बाजूने खोल चर पडलेला. बाद झालेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग होता तो. त्यांनी फळ्यावर लिहिलं: जी शून्य शून्य म्हणजे टूल, कापायचं हत्यार, झपकन त्या जागी ने, जी शून्य एक म्हणजे सरळ रेषेत, दिलेल्या वेगाने कापत जा, एम तीस म्हणजे प्रोग्रॅम संपला. मग म्हणाले, "आमच्या मशीनवर ५० लिहून पुढे पॉइंट दिला नाही, तर ती ५० मिलिमीटर धरत नाही, ५० मायक्रॉन धरते, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. मशीन काही बोलत नाही. जॉब बोलतो."

चांदवडची मुलगी वळून माझ्याकडे बघत होती.

मुलांनी विचारलं, मग तुम्ही काय करता? ते म्हणाले, नवीन प्रोग्रॅम आधी सिंगल ब्लॉकवर चालवायचा. जॉब लावायचा नाही, टूल हवेत. एक ओळ झाली की मशीन थांबतं. टूल कुठे आलं ते बघायचं, कागदावरच्या मापाशी ताडायचं, मगच पुढचं बटण. मी जे दोन वर्षं 'वहीत तक्ता काढा, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या नावात काय आहे ते लिहा' म्हणून सांगत होते आणि मुलं कंटाळून टाळत होती, ते हेच. आता तो तक्ता आमच्याकडे 'सिंगल ब्लॉक' या नावानेच ओळखला जातो आणि कुणी टाळत नाही.

मुलांसाठी म्हणून १९६७ मध्ये लोगो नावाची भाषा तयार झाली. सेमूर पेपर्ट हे तिच्या निर्मात्यांपैकी एक. त्यातल्या कासवाला 'पुढे जा, वळ' अशा आज्ञा द्यायच्या, आणि अडलं की मुलाने स्वतः कासव होऊन चालून बघायचं. अंबडच्या लेथवरचं टूल मला त्या कासवाचं सख्खं भावंड वाटतं. आणि नाशिकमध्ये अशी कासवं सातपूर-अंबडच्या शेडशेडमध्ये तिन्ही पाळ्या चालू आहेत, माझ्या मुलांचे वडील आणि काका ती चालवतात.

काल त्या मुलीने प्रोग्रॅम बदलला. आता तो क्विंटल वेगळे विचारतो, किलो वेगळे विचारतो, किलोला १०० ने भागून मिळवतो. १८ आणि ५ टाकले, २६,१७२.५ आलं. शेजारणीने मुद्दाम किलोच्या जागी १०५ टाकले. तेही चाललं, १९.०५ क्विंटल धरले गेले. यावर वर्गात वाद झाला. निम्म्यांचं म्हणणं, चालू दे, गणित तर बरोबर आहे. ती ऐकेना. "पट्टीवर असं कधी येतच नाही. आलं तर टाकणाऱ्याचं बोट चुकलंय."

'जर' मी पुढच्या शनिवारी शिकवणार आहे. तिच्या वहीत ते वाक्य कालच लिहून तयार आहे: जर किलो १०० किंवा जास्त, तर परत विचार.