तुम्ही विचारलंत म्हणून: मेमरीचा एक आकडा द्यायला लिनक्सला एवढा वेळ का?

‘प्रोसेस किती मेमरी खातेय, एवढंच तर विचारतोय. हिशेब लिनक्सच्या गाभ्याकडे, कर्नलकडेच असतो ना, मग एवढा वेळ का?’ सर्व्हर सांभाळणारी मंडळी हे विचारतात तेव्हा सुरात आरोप असतो. म्हणून आता सविस्तर सांगतो.

आकडा लगेच मिळतो. टॉप या कमांडमधली रेसिडेंट मेमरी, म्हणजे प्रोसेसची रॅममध्ये असलेली पानं, चालू मोजणीतून येते, जवळपास फुकट. पण सामायिक पान (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, सहसा 4 केबीचा) प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पूर्ण चढतं, त्यामुळे पोस्टग्रेस डेटाबेसच्या सगळ्या बॅकएंडांची (दर जोडणीमागच्या प्रोसेसची) बेरीज रॅमच्याही पुढे जाऊ शकते. तुम्हाला हवा असतो पीएसएस, म्हणजे सामायिक पानांची वाटणी करून आलेला आकडा: चौघांनी वापरलेलं 4 केबीचं पान प्रत्येकाला 1 केबी. तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. विचारलंत की कर्नल पेज टेबलं (कोणतं पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंद) चालत जातो आणि पानामागून पान मोजतो. 64 जीबी म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून जास्त पानं.

प्रोसेसच्या मेमरीच्या प्रत्येक भागाचा हिशेब एसमॅप्स या फाइलीत वाचता येतो. 2017 साली कर्नलच्या 4.14 आवृत्तीत एसमॅप्स-रोलअप आलं. हजारो ओळींच्या जागी एकच बेरीज. मजकूर छापण्याचा आणि वाचण्याचा खर्च वाचला, पानं मोजण्याची चाल तेवढीच राहिली.

आणि एका दुसऱ्या, अनेक थ्रेड्सच्या डेटाबेसचं काय झालं ते ऐका. मॉनिटरिंग एजंट (देखरेखीसाठी आकडे गोळा करणारा प्रोग्राम) एसमॅप्स सोडून रोलअप वाचू लागला आणि क्वेऱ्या मधूनच गोठायला लागल्या. सीपीयू रिकामा, डिस्क शांत. सगळे म्हणाले, कर्नल स्लो आहे. कोणता थ्रेड कुठे अडकलाय हे दाखवणारे स्टॅक काढले तेव्हा सगळे एममॅप-लॉकपाशी उभे होते; प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा सांभाळणारं हे कुलूप. जुनं एसमॅप्स प्रत्येक रीडनंतर लॉक सोडायचं. त्या जुन्या कर्नलमधलं रोलअप शेवटचं पान मोजून होईपर्यंत धरून बसायचं. तेवढ्यात एका थ्रेडने एममॅप (मेमरीचा नवा भाग जोडणं) मागितला, म्हणजे त्याला लिहिण्यासाठी लॉक हवं. तो थांबला आणि नवे पेज फॉल्ट (अजून न जोडलेल्या पानाला हात लागल्यावर ते आणण्याची विनंती) त्याच्या मागे रांगेत अडकले. मोजणीनेच काम थांबवलं होतं, आणि डॅशबोर्डवरचा आलेख मात्र देखणा होता. त्यावरच्या बैठकीत मला कोणी पुरतं बोलू दिलं नाही, हे अजून लागतं. 5.10 पासून कोणी वाट पाहत असेल तर रोलअप मध्येच लॉक सोडतं.

तेव्हा मी ठणकावून सांगायचो, खरा आकडा फक्त पीएसएस. आज तितक्या जोरात सांगवत नाही. एकत्र राहणाऱ्यांतला एक खोली सोडून गेला की बाकीच्यांचं भाडं वाढतं, तसा शेजारची प्रोसेस मेली की हिचा पीएसएस वाढतो. हिने काहीच केलेलं नसतं, तरी अलर्ट हिच्याच नावाने वाजतो. मग पीएसएस कर्नलने आधीच का साठवू नये? कारण एक पान कोणी जोडलं वा सोडलं की ते वापरणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब बदलावा लागेल, तोही प्रत्येक फॉल्टला.

सध्या मी सीग्रुपचा (कर्नल ज्यांचा हिशेब एकत्र ठेवतो अशा प्रोसेसच्या गटाचा) आकडा सतत घेतो आणि पीएसएस क्वचितच. सीग्रुपचा स्वस्त पडतो, पण सामायिक पान ज्या गटाने आधी वापरलं त्याच्याच माथी बसतं. तो न्यायही मला पटलेला नाही.